अठरा महिन्यांच्या माहेरवाशिणी

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. ते कपाटातल्या रिकाम्या डब्यांसारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे धडाधड अंगावर येतात!

माझे किस्से एका वहीत साठले. मी स्टुटगार्टमधल्या एका उबरगांग्सहाउसमध्ये काम करते. ज्या बायकांना राहायला घर नाही, त्यांनी स्वतःचं घर मिळेपर्यंत तिथं राहायचं. मुदत अठरा महिने. तीन मजले, अकरा खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मी. रोज काय घडलं ते ड्युटीच्या वहीत जर्मनमध्ये लिहायचं: हीटिंग बंद, नळ गळतोय, अमक्या बाईंना पत्र आलं. त्याच पानांच्या समासात मी बाकीचं सगळं मराठीत लिहायला लागले. इथं एकाची खासगी गोष्ट दुसऱ्याला कळू नये म्हणून डाटनशुट्झ नावाचा कायदा आहे. लोक त्याला देवासारखं मानतात. माझं म्हणणं, मिरजेच्या मराठीइतका पक्का डाटनशुट्झ अख्ख्या जर्मनीत सापडायचा नाही! तरी सांगताना नावं बदलली आहेत. फ्राऊ आयझेलेंना घाबरून.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी कृष्णवर्णीय अमेरिकन. हे ऐकून मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानंसुद्धा, हातातला चहा खाली ठेवला होता. "अमेरिकेच्या बायका? इथं? आणि बेघर?" तर त्याचं असं आहे. स्टुटगार्टच्या आसपास अमेरिकन सैन्य वर्षानुवर्षं आहे. शिपाई येतो, बायकोला आणतो. घर, दुकान, दवाखाना, सगळं त्याच्या नावावर. लग्न मोडतं, त्याची बदली होते, आणि बायको मागं राहते. कधी मुलांची शाळा इथं असते, कधी परत जायला तिकडं कुणी उरलेलं नसतं. त्याचं नाव गेलं की घरही गेलं. मग एकट्या काळ्या बाईनं स्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर शोधायचं! इथं मिलिंदच्या ऑफिसातले पर्मनंट नोकरीवाले इंजिनियर वर्षवर्षभर घर शोधत फिरतात.

* * *

फ्राऊ आयझेले, म्हणजे आयझेलेबाई, आमच्या बॉस. सहा फूट उंच, आखूड पांढरे केस, चष्मा गळ्यात दोरीला बांधलेला. माझा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला. माझ्याकडे होती सांगलीची बी.कॉम.ची डिग्री आणि रेवा नावाची एक मुलगी, जी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते. समाजकार्याचा अनुभव शून्य.

"कमी जागेत पुष्कळ माणसांनी एकत्र राहण्याचा तुम्हाला काही अनुभव आहे का?" त्यांनी विचारलं.

"मिरजेला दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं होतो. मे महिन्यात आत्या यायची. चार मुलं घेऊन."

"भांडणं व्हायची?"

"रोज."

"मग ती तुम्ही कशी सोडवत होता?"

मी विचार केला. "सोडवायचो नाही. जेवायची वेळ व्हायची."

फ्राऊ आयझेलेंनी चष्मा नाकावर चढवला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "आल्झो, झालं तर मग! तुम्ही तर फाखक्राफ्ट!"

फाखक्राफ्ट म्हणजे प्रशिक्षित, कुशल कर्मचारी. या देशाला सध्या तो शोधूनही मिळत नाही. मिलिंदनं तो किताब मिळवायला पुण्यात चार वर्षं इंजिनियरिंग केलं. मला तो आत्यानं मिळवून दिला. त्या माउलीचे मी आयुष्यभर उपकार मानीन.

* * *

आता लोरेन. आमच्या घराचे निम्मे किस्से हिचेच.

लोरेन एकसष्ट वर्षांची. नवऱ्याबरोबर तिशीत इथं आली. नवरा गेला, ती राहिली. छावणीबाहेर एका सलूनमध्ये पंचवीस वर्षं तिनं बायकांचे केस केले. सलून बंद पडलं, घरमालकानं घर विकलं, आणि ही दोन सुटकेसा घेऊन आमच्या दारात. पहिल्याच दिवशी तिनं मला 'मिस वैशाली' म्हटलं. त्यांच्याकडे मान द्यायचा तर नावापुढं 'मिस' लावतात, लग्न झालेलं असो वा नसो. आपल्या 'ताई'सारखंच. सगळ्या बायका तिला 'मिस लोरेन' म्हणायच्या. जर्मन शिष्टाचाराप्रमाणे आडनावानं हाक मारायचा नियम घरात आहे, पण तो फक्त फ्राऊ आयझेले पाळतात.

या लोरेनचं जर्मन ऐकण्यासारखं आहे. शेजारच्या म्हाताऱ्यांकडून शिकल्यामुळं अस्सल स्वाबियन, इथल्या गावरान वळणाचं. ती फोनवर घराची चौकशी करायला लागली की पलीकडचा मालक विरघळायचा. "अगदी आपल्यातल्या दिसता! या, या, उद्याच बघायला या!" दुसऱ्या दिवशी ही ठेवणीतला निळा कोट घालून जायची. दार उघडायचं. मालक हिच्याकडे बघायचा, मग हिच्या मागं कुणी आहे का बघायचा, आणि म्हणायचा, "अरेरे, घर आत्ताच गेलं. पाचच मिनिटांपूर्वी."

असं सतरा वेळा झालं. सतरा! सतराव्या वेळी मी बरोबर होते. खाली रस्त्यावर आल्यावर माझा संताप संताप झाला. मी मिरजेच्या शिव्या घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात लोरेन कोटाचं बटण लावत म्हणाली, "मिस वैशाली, माझा पायगुणच असा बघ. मी जिन्यात पाय ठेवला की घर भाड्यानं जातं. या शहरातल्या घरमालकांनी मला नोकरीवर ठेवावं!"

मी हसले. ती पण हसली. बसमध्ये मात्र पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती. त्यानंतर होता महापालिकेचा निवारा, एका खोलीत सहा खाटा. एकसष्टाव्या वर्षी.

* * *

स्टुटगार्टमध्ये राहायचं तर केअरवोख आलीच पाहिजे. केअरवोख म्हणजे केर काढायचा आठवडा. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची पाळी ठरलेली असते. पाटी दाराला अडकवली जाते आणि मग जिना, पायऱ्या, पुढचा फुटपाथ, सगळं त्या बिऱ्हाडानं चकाचक करायचं. घरमालक माणसाच्या पगारापेक्षा त्याच्या पायऱ्यांकडे आधी बघतो. म्हणून आमच्या बायकांना आम्ही केअरवोख रीतसर शिकवतो.

मोनिक नवीन होती. चौतीस वर्षांची, अटलांटाची, नवऱ्यापासून नुकतीच सुटलेली. उत्साह दांडगा. तिला पायऱ्या झाडायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आता पायऱ्या झाडण्यात मला कोण शिकवणार! मी म्हटलं, "मोनिक, कोरडं झाडलं तर धूळ उडते. आधी पाणी शिंपडायचं. असं, ओंजळीनं. आमच्याकडे याला सडा घालणं म्हणतात."

तिनं ओंजळीऐवजी सरळ बादली घेतली. छान सडा घातला. खालपासून वरपर्यंत, फुटपाथसकट. मला इतकं कौतुक वाटलं की मी फोटोसुद्धा काढला.

महिना फेब्रुवारीचा होता. तापमान उणे सात.

पंधरा मिनिटांनी फ्राऊ आयझेले कामावर आल्या. आल्या म्हणजे फाटकापर्यंत चालत आल्या, पुढचं अंतर त्यांनी पावलं न उचलता कापलं. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, चष्मा पाठीवर गेलेला, अशा अवस्थेत त्यांनी मला विचारलं, "फ्राऊ साळवी, ही कुठली केअरवोख?"

मी बोलायच्या आत मोनिक पुढं झाली. "चूक माझी. मिस वैशालीनं नको म्हटलं होतं."

धडधडीत खोटं! ना नात्याची ना गोत्याची, आठ दिवसांची ओळख, स्वतःची जागा जायची भीती, आणि तरी ती माझ्यासाठी पुढं झाली. मला राहवलं नाही. "नाही हो," मी म्हटलं, "ही मिरजेची केअरवोख आहे."

फ्राऊ आयझेलेंनी कठडा न सोडता विचार केला. "मिरजेत बर्फ वितळायला मीठ टाकतात का?"

"नाही. तिथं ऊन असतं."

"इथं मीठ आहे," त्या म्हणाल्या. "तळघरात. पळा."

* * *

माझ्या सासूबाई मे महिन्यात मिरजेहून आल्या. पंधरा दिवसांत त्यांचं स्टुटगार्ट बघून झालं. मग म्हणाल्या, "वैशाली, तू रोज जातेस ते बायकांचं वसतिगृह दाखव."

"अहो आई, ते वसतिगृह नाही," मी समजावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि बेसनाच्या लाडवांचा डबा पिशवीत घातला. रिकाम्या हातानं जायचं नसतं.

आमच्या स्वयंपाकघरात नियम कडक. प्रत्येकीचा फ्रीजमधला खण वेगळा, कपाटाला कुलूप वेगळं. एकीचं दुसरीनं खायचं नाही. आम्ही पोचलो तेव्हा लोरेन तिच्या शेगडीवर भेंडी तळत होती आणि बाजूला चवळी शिजत होती. सासूबाई थबकल्या. "अगं, ही तर आपल्यातली!"

पुढचा तासभर त्या दोघी शेजारी बसून भेंडी चिरत होत्या. एकीला मराठी सोडून काही येत नाही, दुसरीला मराठी सोडून सगळं येतं. भेंडी धुऊन पुसायची की नाही यावर त्यांचं एकमत झालेलं मला दुरूनही दिसत होतं. मग सासूबाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. "विचार तिला, माहेर कुठलं?"

आता हे कसं सांगणार? मी इंग्रजीत म्हटलं, "आई विचारतायत, तुझं असं कुठलं घर आहे का, जिथं नवऱ्याशी पटलं नाही की बाईनं पिशवी घेऊन जावं, आणि तिथं तिला कुणी 'का आलीस' विचारू नये?"

लोरेननं सुरी खाली ठेवली. स्वयंपाकघरावर एक नजर फिरवली. कुलपांची कपाटं, नियमांचा कागद, मी. "सांग त्यांना," ती म्हणाली, "त्यांची सून चालवते."

मी कसंबसं भाषांतर केलं. सासूबाईंनी लोरेनच्या हातावर लाडू ठेवला, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि मला म्हणाल्या, "तिला सांग, बाई गोड आहेस, पण माहेरी फार दिवस राहू नये. लवकर आपल्या घरी जा."

घरमालक तिला दारातूनच परत पाठवायचे; आपल्या घरी जा म्हणणारं ते पहिलं माणूस असेल! लोरेननं लाडू खाल्ला आणि मान डोलावली. "येस, मॅम."

* * *

ऑगस्टमध्ये माझी आई गेली. फोन आला, विमान मिळालं, पण मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेरा दिवस राहून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झाले. घरात बसवत नव्हतं.

दुपारी मी तळघरात कपडे धुण्याच्या खोलीत मशीनचं फिल्टर साफ करत होते. साफ करत होते म्हणजे हातात धरून बसले होते. लोरेन तिचे कपडे घ्यायला आली. तिनं फिल्टर माझ्या हातातून काढून घेतलं. एक स्टूल ओढलं. "बस."

"मला काम आहे, लोरेन."

"बस म्हटलं ना."

ती वर जाऊन तेलाची बाटली आणि मोठ्या दातांचा कंगवा घेऊन आली. माझा अंबाडा सोडला. तळहातावर तेल घेऊन चोळून गरम केलं आणि टाळूवर थापलं. अगदी तसंच! मला ठाऊकच नव्हतं की त्यांच्यातही रविवारी आया मुलींना गुडघ्यांत धरून डोक्याला तेल लावतात, भांग पाडून वेण्या घालतात, आणि मान हलवली की कंगव्यानं टपली मारतात. लोरेन एकच वाक्य बोलली. "लहानपणी तुझे केस कोण करायचं?"

मी तेरा दिवसांत रडले नव्हते. त्या स्टुलावर रडले. ती भांग पाडत राहिली. त्या दिवसासाठी मी तिची किती ऋणी आहे हे तिला अजून नीट सांगितलेलं नाही. म्हणून इथं सांगते.

तेवढ्यात दारात फ्राऊ आयझेले. आता बघा, आमच्या कामात एक मोठा नियम आहे. इथं राहणाऱ्यांपासून कर्मचाऱ्यानं अंतर ठेवायचं. त्यांच्याकडून भेट घ्यायची नाही, सेवा तर नाहीच. या विषयावर आम्हाला दरवर्षी दोन दिवसांचं प्रशिक्षण असतं. फ्राऊ आयझेलेच ते घेतात.

त्या उभ्या. मी अर्धी वेणी घातलेली, नाक लाल. त्या म्हणाल्या, "फ्राऊ साळवी. व्यावसायिक अंतर?"

"आहे की," लोरेन कंगवा न थांबवता म्हणाली, "वीतभर."

फ्राऊ आयझेलेंनी घड्याळात बघितलं. मग जिन्याकडे बघितलं, कुणी येतंय का ते. मग दार आतून लोटून घेतलं आणि हळूच लोरेनला विचारलं, "यांचं झाल्यावर तुम्हाला दहा मिनिटं वेळ आहे का?"

* * *

सप्टेंबरात महापालिकेचा माणूस तपासणीला आला. त्याला हेर बाउर, म्हणजे बाउरसाहेब, म्हणू या. लोरेनला मुदतवाढ द्यायची की नाही हे त्याच्या हातात. नियम सांगत होता की मुदत संपली. माणूस सुकलेल्या पावासारखा कोरडा. पाणी विचारलं तर "नको, आणलंय" म्हणाला आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली.

ड्युटीची वही चाळता चाळता त्याचं बोट समासावर थांबलं. "हे काय?"

"मराठी," मी म्हटलं.

"कामासंबंधी आहे?"

मला खोटं बोलता आलं असतं. सासूबाईंचा उपास लिहिलाय म्हणाले असते तरी चाललं असतं. पण का कोण जाणे, म्हटलं, "हो."

"वाचा."

त्याचं बोट नेमकं त्या सतराव्या घराच्या पानावर होतं. मी वाचलं. मराठीत एक वाक्य, जर्मनमध्ये एक वाक्य. निळा कोट, पाच मिनिटं, पायगुण. फ्राऊ आयझेले खिडकीतून बाहेर बघत होत्या. वाचून झालं.  हेर बाउरनं पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"ही नोंद समासात का आहे?" तो म्हणाला.

"मुख्य पानावर यासाठी रकाना नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे, बरोबर. मग फॉर्मवर लिहिलं: तीन महिने. सही केली. जाताना दारात थांबून म्हणाला, "एक ग्लास पाणी मिळेल का? माझं संपलं."

* * *

ऑक्टोबरमध्ये मोनिकला घर मिळालं! छोटंसं, एका खोलीचं, पण तिचं. संध्याकाळी तिचा फोन. आवाज थरथरत होता. "मिस वैशाली, चोरी झाली! स्वयंपाकघर चोरलं!"

"काय चोरलं?"

"स्वयंपाकघर! ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. छताला नुसत्या वायरी लोंबतायत. दिवेसुद्धा नेले! मी पोलिसांना बोलावलंय."

मी कपाळावर हात मारला. छावणीतल्या घरात सगळं आयतं असतं, त्यामुळं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठं सांगितलं? जर्मनीत माणूस घर सोडताना स्वयंपाकघर उचकटून बरोबर नेतो. दिवे नेतो. नेता आली असती तर भिंतींची सावलीसुद्धा नेली असती.

मी धावत पोचले तोवर दोन पोलीस येऊन, रिकाम्या भिंतीसमोर उभे राहून, तिला ही राष्ट्रीय पद्धत समजावून सांगत होते. मोनिक हमसून हमसून रडत होती. थोरल्या पोलिसाला राहवलं नाही. त्यानं बाजूला जाऊन फोन केला, परत येऊन म्हणाला, "माझ्या मेव्हणीला तिचं स्वयंपाकघर काढून टाकायचंय. पांढरं चालेल का?"

शनिवारी ते बसवायला मिलिंद आणि त्याच्या ऑफिसातले दोन मित्र आले. तिघंही मेकॅनिकल इंजिनियर, तिघंही मराठी, तिघंही गिअरबॉक्सवाले. गाडीच्या गिअरमधला केसाइतका फरक शोधणारी माणसं! त्यांनी आधी ड्रॉइंग काढलं. मग ड्रॉइंगवर वाद घातला. मग जेवले. चार वाजता पहिलं कपाट भिंतीवर चढलं आणि तिरकं लागलं. काढलं, पुन्हा मोजलं, पुन्हा लावलं. पुन्हा तिरकं.

मोनिकला मदत करायला लोरेन आली होती. ती सकाळपासून खुर्चीत बसून बघत होती. शेवटी उठली, आम्ही नेलेल्या लाडवांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, दोन घड्या घातल्या आणि कपाटामागं सारला. कपाट सरळ.

"पोरांनो," ती म्हणाली, "तुमचं मोजमाप बरोबर आहे. भिंत चुकली."

मिलिंदनं ते वाक्य आता ऑफिसात त्याच्या टेबलावर चिकटवलंय. मोनिकचं घर लागलं. त्या दिवशी परत येताना लोरेन बसमध्ये म्हणाली, "छान झालं पोरीचं." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. तिच्या तीन महिन्यांतला एक संपत आला होता.

* * *

डिसेंबर उजाडला. मुदत संपायला तीन आठवडे. एक जाहिरात आली: टेकडीवरचं घर, वरचा मजला, खाली मालकीणबाई स्वतः राहतात. नाव फ्राऊ श्वेंक. स्टुटगार्टच्या टेकड्यांवर रस्ते कमी आणि पायऱ्या जास्त. लोरेननं माझ्यासमोर ऑफिसातून स्पीकरवर फोन लावला. मी म्हटलं, आता ती तिचं ते गोड गोड स्वाबियन सुरू करणार.

तिनं सुरू केलं, पण असं: "फ्राऊ श्वेंक, माझं नाव लोरेन. वय एकसष्ट. मी काळी आहे. आवाजावरून वाटत नाही, पण आहे. मी सध्या बेघर बायकांच्या घरात राहते. तुमचं घर जर पाच मिनिटांपूर्वी गेलं असेल तर आत्ताच सांगा. कारण तुमच्याकडे यायला दोनशे पायऱ्या आहेत आणि माझा गुडघा दुखतो."

 मला वाटलं, पलीकडे फोन ठेवला.  तीन आठवडे राहिलेत आणि ही बाई हे काय बोलून बसली!

मग एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. "दोनशे? कुणी सांगितलं दोनशे? एकशे चौऱ्याऐंशी आहेत. मी रोज मोजते. या."

ती गेली. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाली. दोन तासांनी परत आली, कोट काढला, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "एकशे शहाऐंशी. म्हातारी शेवटच्या दोन धरत नाही." आणि मग माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. फ्राऊ आयझेले त्यांच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि आतून मोठ्यांदा नाक शिंकरल्याचा आवाज आला.

* * *

आणि हा शेवटचा.

आमच्या घरात दर मंगळवारी खोल्या तपासायच्या असतात. हीटिंग चालू आहे ना, खिडकी नीट लागते ना, बाहेरचं कुणी राहत नाही ना. दारावर टकटक करायची, तीन अंक मोजायचे आणि आपल्या किल्लीनं उघडायचं. तसा नियमच आहे. एकवीस महिने मी दर मंगळवारी लोरेनचं दार असं उघडलं. ती दर वेळी पलंगाशेजारी उभी असायची, आणि मी आत येऊन उभी राहिल्यावर म्हणायची, "ये, मिस वैशाली."

ती नव्या घरी गेल्याला तीन महिने झाले होते. रविवारी मी त्या बाजूला गेले होते, म्हटलं जाऊन यावं. हातात पुरणपोळ्यांचा डबा. धापा टाकत वर पोचले. दारापुढच्या अंगणात एक म्हातारी बाई झाडांना आळं करत होती, या फ्राऊ श्वेंकच असणार. मी बेल दाबली. वरच्या खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता, काहीतरी खमंग तळल्याचा वास येत होता.

भिंतीतला स्पीकर खरखरला. "कोण?"

"मी! वैशाली!"

"मिस वैशाली!" काय आनंद होता त्या आवाजात! मी दाराला हात लावून तयार. आता खटका वाजेल आणि दार उघडेल.

"टर्मिन घेतला होतास का?"

म्हणजे, आधी वेळ ठरवली होती का. मी हसले. पलीकडून हसू आलं नाही.

"नाही गं, अशीच आले. जवळून चालले होते."

"अच्छा," लोरेन म्हणाली. जरा थांबली, काहीतरी कागद चाळल्यासारखा आवाज झाला. "बुधवार, चार वाजता. जमेल?"

"जमेल," मी म्हटलं.

"छान. बुधवारी ये." स्पीकर बंद. वर रेडिओ थोडा मोठा झाला.

मी डबा घेऊन तशीच उभी. फ्राऊ श्वेंकनी खुरपं खाली ठेवलं आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला बुधवार दिला?" त्या म्हणाल्या. "मला तिचा हीटिंगचा रेडिएटर बघायचाय. मला शुक्रवार!"